द्वारवेध

संध्याकाळी तामलवाडीच्या साइटवरून परत येताना प्रसेनजितनं गाडी गल्लीत वळवली, तेव्हा समोरच्या घराला दारच नव्हतं. गेट होतं, तुळस होती, पायऱ्याही जागच्या जागी होत्या. फक्त पायऱ्या चढून गेल्यावर जिथं सकाळपर्यंत चॉकलेटी रंगाचं दार होतं, तिथं विटा होत्या. ताज्या, लाल, सांध्यांतून सिमेंट बाहेर आलेल्या. उचकटलेली चौकट कंपाउंडला टेकवून ठेवली होती. खाली कल्याणप्पा मिस्त्री बादलीत थापी धूत होता. प्रसेनजितनं काच खाली करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मालकांनी बुजवायला सांगितलं, बुजवलं. नवं दार पलीकडच्या बोळात काढून झालंय. कशाला, असं विचारल्यावर त्यानं थापी झटकली आणि ते विचारायचं काम आपलं नाही म्हणाला. प्रसेनजितच्या घराची चौकट ह्याच कल्याणप्पानं बसवली होती. आज तो नजर चुकवतोय असं प्रसेनजितला वाटलं. कदाचित चुकवत नसेलही, उन्हं त्याच्या तोंडावर येत होती. प्रसेनजितनं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि तो तसाच बसून राहिला. गर्दीत कुणीतरी कानाखाली वाजवावी आणि वळून बघावं तर सगळे आपापल्या कामात असावेत, तसं त्याला झालं होतं. गाल मात्र खरोखरच तापला होता.

अर्थ लावायची त्याला गरज नव्हती. उभी नोकरी बांधकाम खात्यात गेली होती आणि इमारती माणसांशी बोलतात हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कचेरीतली खिडकी छातीच्या खाली ठेवली की बाहेरच्या माणसाला वाकून बोलावं लागतं आणि आतला कारकून मान वर न करता उत्तर देऊ शकतो. अशा खिडक्या त्यानं स्वतः काढल्या होत्या. आधी जुन्या नकाशावरून उतरवून, पुढे समजून उमजून. पहिली पायरी उंच घेतली की धोतर सावरत चढणारा माणूस वर पोचेपर्यंत अर्धा होतो. बाक कुठं, पंखा कुणाच्या डोक्यावर, कुठं आलं की चप्पल काढावीशी वाटेल, हे सगळं भिंती सांगतात आणि भिंतींवर फिर्याद करता येत नाही. तोंडानं अपमान केला तर साक्षीदार मिळतात. विटांनी केला तर लोक समजूत घालतात की तुमचाच गैरसमज झाला असेल. ह्या गोष्टीची त्याला आजवर गंमत वाटत आली होती, कारण आजवर तो नकाशा काढणाऱ्याच्या बाजूला होता.

लहानपणी मात्र नव्हता. बेंबळीत त्याचा बाप, व्यंकट, एका मिस्त्रीच्या हाताखाली गारा वाहायचा. एका उन्हाळ्यात शाळेच्या हेडमास्तरांचं घर चाललं होतं आणि प्रसेनजित दुपारी भाकरी घेऊन जायचा. छत नसलेल्या खोल्यांतून तो पळायचा, ह्या खोलीतून त्या खोलीत, खिडकीतून बाहेर आणि दारातून आत. कुणी काही म्हणायचं नाही. एका कोपऱ्यात सावली चांगली असायची, तिथं बसून बापलेक जेवायचे. मग गिलावा झाला, चुना झाला, वास्तुशांत झाली. कामावरच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं, वाळूच्या ढिगाशेजारी पत्रावळी मांडल्या होत्या. सवयीनं तो आत पळाला, त्याच्या कोपऱ्याकडे. तिथं आता देव्हारा होता. हेडमास्तरांची बायको ओरडली नाही, रागावलीही नाही. ती नुसती दारात येऊन उभी राहिली, आणि ती एवढी रुंद कशी झाली हे त्याला कळलं नाही. बापानं बाहेरून हाक मारली. घरी जाताना व्यंकट एवढंच म्हणाला, "झालं की बांधून. आता त्यांचं हाय ते." तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं प्रसेनजितला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. बापाचा तो शांतपणा त्यानं कधीच माफ केला नाही, अगदी बाप गेल्यावरही नाही.

धाराशिवात प्लॉट घेतला तेव्हा समोर मार्तंडरावांचं घर आधीपासून होतं. तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले, पण पूजेच्या पाळ्या भावांकडे सोडून कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. बायको लीलाबाई, आणि पुण्यात नोकरीला असलेला, चाळिशीकडे निघाला तरी लग्न न जमलेला मुलगा यज्ञेश. प्रसेनजितच्या बायकोला, पौर्णिमाला, दार बाजूला हवं होतं, वाऱ्याच्या दिशेला. त्यानं ऐकलं नाही. मार्तंडरावांच्या उंबऱ्यापासून दोरी लावून त्यानं आपलं दार बरोबर समोर आणलं, बोटभरही इकडं तिकडं नाही. जोतं त्यांच्यापेक्षा वर घेतलं. रस्ता दरवर्षी उंच होतो, पाणी आत येईल, असं सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. पण आपल्या उंबऱ्यावर उभं राहिलं की त्यांचा उंबरा खाली दिसला पाहिजे, हे जास्त खरं होतं. चौकट बसवायच्या दिवशी कल्याणप्पा नारळासाठी अडून बसला. प्रसेनजितनं नारळ फोडू दिला नाही. बुद्धवंदना झाली, चौकटीला पांढरं कापड बांधलं. तेवढ्यात लीलाबाई गल्ली ओलांडून हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या, घराची चौकट कोरी ठेवू नये म्हणाल्या आणि लाकडावर पाच बोटं उमटवून गेल्या. आई खूश झाली होती, लीलाबाईंचा हात धरून उभी होती. त्या गेल्यावर प्रसेनजितनं रॉकेलच्या बोळ्यानं ती बोटं पुसून काढली. दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी ते बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. म्हणजे बोलायला सुरुवात त्याच्याच घरानं केली होती, हे त्याला गाडीत बसल्या बसल्या कळत होतं. कळत होतं म्हणून राग कमी होत होता असं मात्र नाही.

आणि तरीही हा राग त्याच्या स्वतःसाठी नव्हता. आईसाठी होता. जाईबाईचे गुडघे गेलेले. सकाळची उन्हं आली की ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि समोर लीलाबाई त्यांच्या दारात भाजी घेऊन बसायच्या. गल्ली अरुंद, ओरडावं लागत नसे. हरभऱ्याची भाजी, गुडघे, मुलं, सुना. बेंबळीत आई अशा बायकांशी जन्मभर बोलली होती ती अंगणात उभी राहून, मान वर करून. इथं ती बसून बोलत होती, आणि मान खाली करून बोलत होती. हे घर त्यानं ह्यासाठीच बांधलं होतं. पौर्णिमालासुद्धा त्यानं हे सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर ती हसली असती. आता आई लातूरला बहिणीकडे गेली होती आणि उद्या परत येणार होती. ही भिंत काय म्हणतेय ते आईला कळता कामा नये, एवढं एकच त्यानं ठरवलं.

आई आली, रिक्षातून उतरली आणि उतरताच म्हणाली, "लीलाबाईचं दार कुठं गेलं रं?" त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं. दोन घरांची दारं समोरासमोर आली की वेध लागतो, द्वारवेध म्हणतात, शास्त्र आहे. हातातल्या पाकिटावर पेनानं दोन घरं काढून मधे रेघसुद्धा ओढून दाखवली. साहेबांना काहीही समजावताना तो असाच रेघ ओढायचा. आईनं कागद जवळ धरला. कुणाचा वेध कुणाला लागतो, असं तिनं विचारलं. एवढा पुढचा विचार त्यानं केलेला नव्हता. विषय संपवायचा म्हणून तो म्हणाला, "नंतर बांधलेल्या घराचा, आधीच्या घराला." हे बोलताना त्याला आपल्या हजरजबाबीपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी आई दारात बसली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं पौर्णिमाला पुढचं दार लावून घ्यायला सांगितलं. मग ती मागच्या दारानं जायला यायला लागली. भांडी घासायच्या जागेवरून, ओल्या फरशीवरून, भिंतीला धरून. पौर्णिमानं विचारलं तर म्हणाली, उगं कशाला दुसऱ्याला तरास. जेवण निम्म्यावर आलं. एकदा प्रसेनजित तिच्या खोलीत गेला तेव्हा ती एकटीच पुटपुटत होती आणि त्याला बघून तिनं तेच मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. आपण राहायला आलो आणि पहिल्याच थंडीत लीलाबाई न्हाणीत पडल्या. मग मार्तंडरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. पोराचं लग्न तर मोडलंच, साखरपुडा झालेला. सोनारीच्या भैरोबाला जाऊन आली बिचारी, तरी काही नाही. "आमच्या दाराचं झालं हे समदं. आन् म्या तिच्यासमूर बसून रोज हसत हुते." असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. ह्यात काही अर्थ नाही, असं तो म्हणाला. मग शास्त्र हाय म्हणून तूच सांगितलंस की, असं आई म्हणाली, आणि इंजिनियर मुलाकडे तिनं पूर्ण विश्वासानं बघितलं.

आईनं कधी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नव्हता. छप्पन सालानंतर तिच्या बापानं घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले. ती तेव्हा परकर घालायच्या वयाची. टोपलीमागून ती ओढ्यापर्यंत गेली होती. भिंतीतली देवळी रिकामी राहिली. काही दिवस बायका त्या रिकाम्या कोनाड्यासमोरून जाताना दबकून जायच्या, मग कुणीतरी तिथं खोबरेल तेलाची बाटली आणि फणी ठेवली आणि संपलं सगळं. ही गोष्ट ती नातेवाइकांत रंगवून सांगायची. नजर नाही, विटाळ नाही, कुणाचा कुणाला वेध नाही, असं म्हणायची. तिच्या बापाच्या पिढीनं एवढ्या कष्टानं तिच्या अंगावरून जे उतरवलं होतं, ते प्रसेनजितनं एका पाकिटाच्या पाठीवर रेघ ओढून परत चढवलं. गावच्या लोकांनी तिला सांगितलं असतं की तुझी बाधा होते, तर ती भांडली असती. पण सांगणारा पोटचा मुलगा होता, शिकलेला होता, शिवाय त्याचा आवाज मऊ होता. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

पौर्णिमा झेडपीच्या शाळेत शिकवायची, तिला गोलमाल बोलणं जमत नसे. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तिनं सुनावलं की आईंना खरं सांगून टाका, नाहीतर त्या अंथरूण धरतील. खरं काय आहे, असं त्यानं विचारलं. तिनं हात थांबवला. "तुम्हाला ठाऊक न्हाय?" ती म्हणाली. मग पुन्हा मळायला लागली, पण आता जास्त जोरानं.

त्या रविवारी दुपारी आई मागच्या दारानं आत येत होती आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. पडली नाही, दाराचा कोयंडा धरून लोंबकळल्यासारखी उभी राहिली. त्यानं धावत जाऊन तिला पालथ्या बादलीवर बसवलं आणि तसंच उकिडवं बसून सांगून टाकलं. "आई, वेध-बिध काही न्हाय. मी खोटं बोललो. आपल्या जातीपायी बुजवलंय त्यांनी दार." तो वाट बघत राहिला. आई रडेल, नाहीतर बापासारखी शांत होईल, आणि दोन्ही आपल्याला बघवणार नाही, असं त्याला वाटत होतं. आई त्याच्याकडे बघत होती. "जातीपायी व्हय?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. तिनं मोठा श्वास सोडला. "आरं मग तसं सांगायचं की बाबा. म्या आपली झुरतीय, माझ्यापायी त्या बाईचं वाटुळं झालं म्हणून." तिच्या चेहऱ्यावर आराम पसरला होता. ताप उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरतो तसा. त्याचा हात धरून ती उठली, सगळं घर ओलांडून पुढे आली, दार उघडलं आणि विटांच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली. रात्री दीड भाकरी खाल्ली. कारण आपली जात आहे हे कळल्यावर माणसाला एवढं बरं वाटावं, ह्याच्याइतकी अपमानाची गोष्ट त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

त्यानंतर दोनच दिवसांनी किराणा दुकानापाशी मार्तंडराव भेटले. त्यांनीच थांबवलं. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत ते म्हणाले की साहेब, तुम्हाला वाईट तर वाटलं नसेल. यज्ञेशचं काही जमत नाही, सोलापूरहून एक वास्तुवाले बोलावले होते, त्यांनी द्वारवेध सांगितला. आमचा काही तसा विश्वास नाही, पण पोराचा प्रश्न. प्रसेनजित ऐकत राहिला. त्याचंच खोटं, शब्दाला शब्द, दुसऱ्याच्या तोंडून येत होतं. असलं खोटं किती सहज रचता येतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. म्हणून त्यानं विश्वास ठेवला नाही. घराकडे चालताना मात्र त्याला वाटलं की मुलाचं लग्न मोडलेला म्हातारा दार काय, सगळं घर फिरवेल. आपलं दार आपणच दोरी लावून त्याच्या दारासमोर आणून ठेवलं होतं. म्हणजे आईला खोटं म्हणून जे सांगितलं ते खरं असू शकत होतं, आणि खरं म्हणून जे सांगितलं ते आपल्याला ठाऊकच नव्हतं. हे आईला सांगायला हवं. पण सांगितलं तर ती पुन्हा मागच्या दाराला जाईल, ओल्या फरशीवरून, भिंतीला धरून. त्यानं सांगितलं नाही. पौर्णिमालाही सांगितलं नाही. कोपऱ्यावर थुंकून तो घरात शिरला.

लीलाबाई आल्या त्या दिवशी सुट्टी होती. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, आई उघड्या दारात खुर्चीवर होती. बोळातून वळसा घालून यायचं म्हणजे त्यांच्या पायांना बरंच होतं. दम खात खात त्या पायऱ्या चढत होत्या, एका हातात स्टीलचा डबा, दुसरा हात गुडघ्यावर. वरच्या पायरीला पोचायच्या आत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. इतक्या दिवसांत येता आलं नाही, बहिणीकडे गेले होते तुळजापूरला, माघारी आले तर भिंत, मला विचारलंसुद्धा नाही हो ह्यांनी, त्या दिवसापासून घरात मी धड बोलत नाही. जाईबाई, तुमच्याशिवाय सकाळ जात नाही. धपाटे आणलेत.

आई खुर्चीवरून उठली. गुडघे धरत, चौकटीला हात लावत ती उंबऱ्याच्या मधोमध उभी राहिली. "तिथंच थांबा, बाई. वर यिऊ नका. इटाळ हुईल तुमास्नी."

लीलाबाईंना आधी कळलंच नाही. त्या थोड्या हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. डबा पुढे करून त्या म्हणाल्या, "गरम आहेत हो. आत्ता केलेत."

"घिऊन जा," आई म्हणाली. "आमी कुणाच्या दारचं खात न्हाय आता."

लीलाबाईंनी आईच्या खांद्यावरून आत बघितलं. त्यांना पेपर दिसला, पेपरामागचा तो दिसला. "साहेब, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना," त्या म्हणाल्या. "आमच्या यज्ञेशसाठी केलं हो. देवीशपथ." त्यांच्या आवाजात काही रचलेलं नव्हतं. रचलेलं त्याला ओळखू येत होतं, त्यामुळं हेही ओळखू आलं. खरं होतं. निदान ह्या बाईपुरतं तरी अगदी खरं होतं. त्याच्याकडे एक वाक्य होतं आणि ते म्हणायला तो उठलासुद्धा. दारापाशी आला. आईनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे चकाकत होते, पाठ ताठ होती, आणि कुडी एवढीशी असून तिनं सगळं दार भरून टाकलं होतं. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला तरी दारात अडवत होती. ही बाई निर्दोष आहे, असं सांगणं म्हणजे आईला उंबऱ्यावरून खाली उतरवणं होतं. आणि त्याला स्वतःलाही बरं वाटत होतं. पोटात ऊब पसरावी तसं, लाज वाटेल इतकं बरं वाटत होतं.

"दार लाव," आई म्हणाली.

त्यानं आईला हाताला धरून आत घेतलं आणि दार लावलं. लीलाबाई अजून पायरीवरच होत्या, डबा तसाच पुढे धरलेला. आईनं कडी घालायला सांगितली, ती त्यानं घातली. मग तिनं पौर्णिमाला हाक मारली आणि जेवायला वाढायला सांगितलं. चांगली भूक लागलीय म्हणाली.